बाक जागेवर आहे

नगरपालिकेच्या देखरेख समितीवर मी गेलो तो एका बाकासाठी. समित्यांवर लोक कशाकशासाठी जातात. कुणाला मान हवा असतो, कुणाला ओळखी, कुणाला घरातून दोन तास सुटका. मला बाक हवं होतं. लाकडी फळ्यांचं, लोखंडी पायांचं, दोघं ऐसपैस आणि तिघं दाटीवाटीनं बसतील असं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रपेटीशेजारी कित्येक वर्षं मुकाट्यानं उभं असलेलं.

कागदोपत्री ते नगरपालिकेचं, पण आमच्या घरात ते आई-बाबांचं होतं. संध्याकाळी दोघं तिथं जाऊन बसत. आईला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून ती डाव्या टोकाला बसायची, म्हणजे चांगला कान बाबांकडे. बाबा उजव्या टोकाला. मध्ये भाजीची पिशवी. आई गेली आणि बाबांची आठवण उतरणीला लागली. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग सकाळी जेवलो की नाही हेही जायला लागलं. पण एक वाट तेवढी पायांत शिल्लक होती, घरापासून बाकापर्यंत आणि बाकापासून घरापर्यंत. सकाळी बूट घालून जायचे, उजव्या टोकाला बसायचे, आणि डावीकडे कुणी टेकलंच तर हळू आवाजात म्हणायचे, "जरा सरकता का? ती येतेय." गल्लीतले लोक सरकायचे.

एके दिवशी बाक नव्हतं. फरशीतून वर आलेले चार बोल्ट तेवढे उरले होते. बाबा चुकले नाहीत, हे मी आजही सगळ्यांना सांगतो. थांबायची खूणच नाही म्हटल्यावर माणूस चालत राहणार. ते चालत राहिले. एसटी स्टँडच्याही पलीकडे एका टायरवाल्यानं त्यांना टायरवर बसवून ठेवलं होतं आणि खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून मला फोन केला होता. त्या दिवसापासून आम्ही दाराला वरून कडी लावायला लागलो. बाबा रोज बूट घालून दाराशी उभे राहायचे. भांडायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. मी कामावरून परत यायचो तरी कधी कधी तिथंच असायचे. मला घरात शिरायची लाज वाटायची.

तेव्हा ठरवलं, बाक परत आणायचं. एवढंसं काम.

आमच्या खालच्या मजल्यावर वकीलकाका राहतात. वकिली सोडून बरीच वर्षं झाली, पण सल्ला सोडला नाही. त्यांचा सल्ला फुकट असतो आणि त्यामुळे महागात पडतो. ते म्हणाले, "अरे, बाकाची वाट कसली बघतोस? तिथं आपली खुर्ची टाक. वडील बसले म्हणजे झालं ना?"

पटलं. घरातली बरी खुर्ची, हात असलेली, निळ्या गादीची, मी पत्रपेटीशेजारी नेऊन ठेवली. नगरपालिका कुठलंही काम वेळेवर करत नाही असं म्हणणाऱ्यांनी अतिक्रमण विभागाचा अनुभव घ्यावा. बाबांना बूट घालून घेऊन खाली येतो तोवर खुर्ची गाडीत चढली होती. वर जप्तीची पावती मलाच. सोडवून आणायला गेलो तर खुर्चीच्या मालकीचा पुरावा मागितला. खुर्चीचा पुरावा म्हणून मी काय दाखवणार होतो? फार तर ती घेतल्यापासून दुखणारी पाठ. बायको म्हणाली, "भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली. आता उद्या पलंग टाकू नका म्हणजे मिळवली."

मग मी सरळ मार्गाला लागलो. बांधकाम विभागातल्या साहेबांना भेटलो. साहेब सज्जन होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि समोर खुर्ची नाही हे लक्षात आल्यावर स्वतःही उभे राहिले.

"बाकं आता आमच्याकडे नाहीत," ते म्हणाले. "बाकं, दिवे, झाडांना पाणी, तक्रारी ऐकणं, सगळं कंपनीला दिलंय कंत्राटावर."

"मग तुमच्याकडे काय आहे?"

"देखरेख."

"म्हणजे तुम्ही देखरेख करता?"

"आम्ही कसली करतोय? त्यासाठी नागरिकांची समिती आहे."

कंपनीला फोन केला. फोनवरच्या बाई इतक्या गोड होत्या की त्या बाई नसून यंत्र आहे हे कळायला वेळ लागला. "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आपलं समाधान झालं असल्यास एक दाबा." झालं नसल्यास काय दाबायचं हे त्या सांगत नव्हत्या. मी दोन दाबलं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पाच दाबलं, तर झाडांना पाणी घालण्याबद्दल आभार मानले. शेवटी वैतागून फोन गालाशी दाबला आणि गालानंच एक दाबलं गेलं. अशा रीतीनं माझं समाधान झालं.

राहता राहिली समिती. तिथली एक जागा रिकामी होती आणि ती कुणालाच नको होती. मी अर्ज केला आणि निवडून आलो, म्हणजे दुसरा अर्ज नव्हता. गळ्यात अडकवायचा बिल्ला मिळाला. मी तो घालून घरी आलो तेव्हा बायकोनं एकदा माझ्याकडे आणि एकदा बिल्ल्याकडे पाहिलं. "समिती वगैरे ठीक आहे," ती म्हणाली, "पण ते दाराशी उभे आहेत. जोडे तुम्ही काढा, माझ्याच्यानं बघवत नाही."

इथं बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बाबांनी सगळा जन्म याच नगरपालिकेत हिशेब तपासण्यात काढला. त्यांची एक पद्धत होती आणि तिची टिंगल अख्ख्या कचेरीत व्हायची. वस्तूला हात लावल्याशिवाय ते बिल सोडायचे नाहीत. नव्या पंपाचं बिल आलं की बाबा पंपापर्यंत चालत जाणार आणि त्यावर तळवा ठेवणार. रस्त्याकडेला झाडं लावली म्हणून बिल आलं की प्रत्येक रोपाला हात लावत जाणार. लोक म्हणायचे, हा हिशेब तपासतो की आशीर्वाद देतो? लहानपणी मला त्याची शरम वाटायची, कारण शाळेला जाताना मित्रांसोबत असलो की नेमके बाबा रस्त्यात दिव्याच्या खांबाला हात लावून उभे दिसायचे.

समितीच्या पहिल्या बैठकीत अर्थसंकल्पाचं बाड समोर आलं. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या समोर कुणीही बोललं की वर्गात बोलल्यासारखं वाटायचं. कंपनीतर्फे एक तरुण गृहस्थ आले होते. त्यांचं नाव मी विसरलो, टाय लक्षात राहिला. त्यामुळे घरी आम्ही त्यांना टायवाले म्हणायला लागलो. मी हात वर करून गल्लीतल्या बाकाबद्दल विचारलं. टायवाल्यांनी ते मोबाइलवर लिहून घेतलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "प्रश्न नेमका होता. असेच विचारत चला." घरी येईस्तोवर माझी छाती दोन बोटं फुगली होती.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाक जागेवर होतं.

काय सांगू? वकीलकाकांनी खाली बोलावून चहा दिला. गल्लीतल्या तीन माणसांनी आपापल्या नळाच्या, गटाराच्या आणि मेहुण्याच्या बदलीच्या कामांसाठी मला गाठलं. बाबांनी आधी बाकावर तळवा ठेवला, मग उजव्या टोकाला बसले. मी रस्त्याच्या पलीकडून बघत होतो. दुपारी ते एकटे घरी परत आले, जेवले, आणि त्यांना गाढ झोप लागली. दाराची कडी आम्ही काढून टाकली. बायकोनं पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंत जाऊन डोकावून पाहिलं, मग तिचाही जीव भांड्यात पडला. आमच्या खिडकीतून गल्लीचं तोंड दिसत नाही, हे आधी सांगायला हवं होतं.

बाबांची तब्येत सुधारायला लागली. चेहऱ्यावर ऊन दिसायला लागलं. फक्त एक झालं, ते काहीच्या काही बोलायला लागले. जेवताना म्हणायचे, "आज तळ्यावर बसलो होतो. वारा होता." दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "आज दवाखान्यासमोर बसलो." एकदा म्हणाले, "तिच्या शाळेसमोर बसलो होतो. मधली सुट्टी झाली, पण ती काही बाहेर आली नाही." आई त्या शाळेत शिकवायची. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं, अडवू नका, हो म्हणा. आम्ही हो म्हणायला लागलो. बायको विचारायची, "मग बाबा, तळ्याला पाणी आहे का?" आणि ते सांगायचे, "थोडं कमी झालंय." ती स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. मीही पुसायचो.

पुढच्या बैठकीचा विषय होता नव्या बाकांचं बिल. गावभर नवी बाकं बसवल्याचं कंपनीचं म्हणणं होतं आणि समितीनं हो म्हटलं की पैसे सुटणार होते. टायवाल्यांनी भिंतीवर एकामागून एक फोटो दाखवायला सुरुवात केली. प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं, "बाक जागेवर आहे. वापरात आहे." वापराचा पुरावा म्हणून प्रत्येक बाकावर एक नागरिक.

पहिल्या फोटोत आमची पत्रपेटी होती आणि बाबा. मी शेजारच्या सभासदाला कोपरानं ढोसलं, "आमचे वडील." दुसरा फोटो तळ्याकाठचा. बाकावर बाबा. तिसरा दवाखान्यासमोरचा. बाबा. चौथा आईच्या शाळेच्या फाटकासमोरचा. तोच करडा सदरा, तेच बूट, उजव्या टोकाला बसलेले, मान थोडी डावीकडे वळलेली, आणि डावी बाजू रिकामी. फोटो सरकत राहिले. गावातल्या प्रत्येक बाकावर माझे वडील बसलेले होते.

"नागरिकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतंय," अध्यक्षबाई म्हणाल्या. म्हातारी माणसं कुणी नीट बघत नाही. सगळे म्हातारे सारखेच दिसतात म्हणे. मी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. वेळ संपली होती म्हणून मंजुरी पुढच्या बैठकीवर गेली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून पत्रपेटीच्या आडोशाला उभा राहिलो. देखरेख समितीच्या सभासदानं खरी देखरेख करण्याची ही पहिलीच वेळ असावी. थोड्या वेळानं टेम्पो आला. दोन हमाल उतरले. "आजोबा, निघायचं ना?" एकानं विचारलं. त्यांनी बाबांना उठवलंच नाही. बाक दोन्हीकडून धरलं आणि बाबांसकट अलगद उचलून टेम्पोत ठेवलं. बाबा फळीला धरून शांत बसले होते. मी धावत गेलो आणि टेम्पोच्या तोंडाशी उभा राहिलो.

ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा, शांत माणूस होता. मी कोण ते कळल्यावर त्यानं काही लपवलं नाही. "धड बाक हे एकच आहे, साहेब, इथूनच नेलेलं जुनं. बाकीची आलीच नाहीत. जागोजाग ठेवायचं, फोटो काढायचा, पुढं जायचं, आम्हाला एवढंच सांगितलंय. पहिल्या दिवशी आजोबा उठेचनात. म्हणाले, ही आमची जागा आहे. म्हटलं राहू दे, फोटोत माणूस हवाच असतो."

"आणि नंतर?"

"नंतर आम्हालाच सवय झाली. समितीत विचारणा झालीय म्हणून बाक रोज इथंच परत आणून ठेवतो. आजोबांना दुपारी तुमच्या फाटकाशी सोडतो, आत गेले की मग निघतो. एकदा म्हटलं, आजोबा, मधोमध बसा, फोटो चांगला येईल. तर म्हणाले, तिची जागा आहे." त्यानं टेम्पोतल्या बाबांकडे पाहिलं. "तुम्ही वर बोललात तर आमची रोजी जाईल, ती दुसरीकडे मिळेल. पण बाक जाईल. आजोबांचं काय ते तुम्ही बघा."

बाबा टेम्पोतून मला बघत होते. "तूही येतोस का?" त्यांनी विचारलं. कोण म्हणून विचारलं ते कळलं नाही. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि त्या दिवशी गावभर फिरलो. तळ्याला पाणी खरंच थोडं कमी झालं होतं.

जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. "म्हणजे ते खरं सांगत होते," ती म्हणाली, "आणि आपण त्यांना वेड्यात काढत होतो." माझी गत इकडे आड तिकडे विहीर अशी झाली होती. गप्प बसलो तर ज्या माणसानं आयुष्यात खोटं बिल सोडलं नाही, तोच गावातल्या सगळ्यात मोठ्या खोट्या बिलाचा साक्षीदार ठरणार. बोललो तर दाराला पुन्हा कडी. शेवटी मी बाबांनाच विचारलं, जसं लहानपणी गणित अडल्यावर विचारायचो तसं.

"बाबा, एक बिल आहे. पुष्कळ बाकांचं."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. ते ताठ बसले. "हात लावलास?"

"एकालाच लावला."

"मग एकाचंच सोड."

"पण मग आपलं बाक, बाबा?"

"ते कुठं जातंय?" ते म्हणाले आणि भात कालवायला लागले.

त्यांनी निकाल दिला होता. त्याची किंमत काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तरीही मी तो निकाल मानला, याचं ओझं माझ्यावरच आहे.

बैठकीत मी उभा राहिलो. भाषण पाठ केलं होतं, ते ऐन वेळी विसरलो. एवढंच म्हणालो, "मला ही सगळी बाकं हात लावून पाहायची आहेत. सगळी एकाच वेळी." लोक हसले. टायवालेही हसले, पण जरा उशिरा. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोटो पुन्हा लावायला सांगितले आणि यावेळी बाकांऐवजी माणूस बघितला. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "हे कोण आहेत?"

"माझे वडील," मी म्हणालो. "ते याच इमारतीत हिशेब तपासायचे."

बिल थांबलं. चौकशी बसली. लोकांनी पाठ थोपटली, वकीलकाका म्हणाले, "आता निवडणुकीला उभा राहा." आणि त्याच आठवड्यात नगरपालिकेची गाडी येऊन बाक घेऊन गेली. चौकशीतला पुरावा म्हणून. अतिक्रमणवाल्यांइतकीच तत्परता. बाबा पुन्हा बूट घालून दाराशी उभे. "खरं बोललात ते बरंच केलंत," बायको म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आता बाक कुठं गेलं ते त्यांना तुम्ही सांगा. मला जमणार नाही."

मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आणि दाराशीच उभे राहिले.

अशा वेळी वकीलकाकांनी आयुष्यातला पहिला उपयोगी सल्ला दिला. "अरे, तू समितीचा सभासद. जप्त मालाची पाहणी करायचा तुला हक्क आहे. सोबत मदतनीस न्यायचाही आहे."

नगरपालिकेच्या मागच्या अंगाला एक लांबलचक भांडार आहे. आत जुने फलक, फुटके दिवे, हातगाड्या. भांडारपाल कुलूप काढायचे, वहीत कारण लिहायला लावायचे आणि बाहेर जाऊन उभे राहायचे. आत एका कोपऱ्यात, पायाला चिठ्ठी बांधलेलं आमचं बाक होतं. पहिल्या दिवशी बाबांनी त्यावर तळवा ठेवला, धूळ झटकली, उजव्या टोकाला बसले आणि मान डावीकडे वळवली. मी कुठं बसू म्हणून आजूबाजूला पाहिलं, तर भिंतीशी निळ्या गादीची माझीच खुर्ची. ती ओढून मी समोर बसलो. स्वतःच्या खुर्चीवर बेकायदा बसलेला माझ्यासारखा दुसरा माणूस नसेल.

आम्ही दर आठवड्याला पाहणीला जायला लागलो, मग जमेल तेव्हा मध्येच एखादा दिवस. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं लोक बोटं मोडत म्हणतात. मी हात जोडून म्हणत होतो. चौकशी संपली की बाक भंगारात जाणार होतं. समितीत कुणी अहवालाची आठवण काढली की मी हमखास नवी शंका विचारायचो. अध्यक्षबाई माझ्याकडे बघायच्या आणि शंका नोंदवून घ्यायच्या. त्यांना कळत होतं, असं मला वाटतं.

चौकशी संपायच्या आधी बाबाच गेले. सकाळी बूट घालायला बसले होते, एक पायात होता.

चौकशी अजून चालू आहे आणि मी अजून समितीवर आहे. परवा पाहणीला गेलो. भांडारपालांनी कुलूप काढलं आणि नेहमीप्रमाणे बाहेर गेले. मी बाकाच्या उजव्या टोकावर तळवा ठेवला, मग डाव्या. लाकूड गार होतं. बसावंसं वाटलं, पण कुठं बसणार? माझी खुर्ची ओढून समोर बसलो. निघताना पाहणीचा शेरा लिहावा लागतो. कंपनीचा तो शेरा मला तोंडपाठ होता, आणि तो खोटा म्हणून मीच अडवला होता. हात लावून पाहिलं होतं, म्हणून लिहायला हरकत नव्हती. मी लिहिलं, बाक जागेवर आहे. वापरात आहे.